सिनेमा शिकवता, कविता लिहिता. मग पुस्तक कसे काढाल?

चित्रपट आस्वाद शिकवणारे, माध्यमविद्येच्या वर्गावर जाणारे किंवा फिल्म सोसायटीत कार्यशाळा घेणारे अनेक जण कविताही लिहितात. त्यांची पत्रे आमच्याकडे सतत येतात, आणि कोल्हापूर परिसरातून जरा जास्तच. बहुतेक पत्रांत मजकूर एकच असतो: वहीत बऱ्याच वर्षांच्या कविता साठल्या आहेत, वर्गासाठी काढलेली सिनेमावरची टिपणेही आहेत, तर दोन्ही मिळून एक पुस्तक करावे का? एका प्रकाशकाने पैसे मागितले आहेत, ते द्यावेत का? कोणी कविता चोरली तर काय करायचे?

कोल्हापुरातून हा प्रश्न यावा यात नवल नाही. बाबूराव पेंटरांची 'सैरंध्री' १९२० साली याच शहरात तयार झाली आणि 'प्रभात'ची स्थापनाही १९२९ साली इथेच झाली. शिरोड्याच्या शाळेत १९२० पासून शिकवणाऱ्या वि. स. खांडेकरांनी १९३६ सालच्या 'छाया'ची कथा लिहिली आणि पुढे ते कोल्हापुरात स्थायिक झाले. जगदीश खेबुडकर शिक्षक होते आणि त्यांची गाणी महाराष्ट्राच्या तोंडी बसली. शिकवणे, सिनेमा आणि कविता या तिन्ही गोष्टी एका माणसात असणे इथे जुने आहे. मात्र या तिन्हींचे छापील व्यवहार वेगळे आहेत. ते एकत्र केले की गोंधळ होतो.

आधी दोन हस्तलिखिते वेगळी करा

कविता आणि सिनेमावरची टिपणे एका पुस्तकात घालू नका. कवितासंग्रह घेणारा वाचक टिपणे ओलांडून जातो आणि सिनेमाचा अभ्यासक कवितांपाशी थबकतो. विक्रेत्यालाही असे पुस्तक कोणत्या कप्प्यात ठेवावे ते कळत नाही. ग्रंथालयाचे वर्गीकरण, पुरस्कारांचे विभाग, शासकीय खरेदीच्या याद्या हे सगळे साहित्यप्रकारानुसार चालते. मिश्र पुस्तक यातल्या कुठल्याच रांगेत नीट उभे राहत नाही.

सिनेमाविषयीच्या कविता असतील तर त्या अर्थातच संग्रहात येतील. एखाद्या दृश्यावरची किंवा बंद पडलेल्या चित्रपटगृहावरची कविता ही कविताच आहे. फक्त तिच्याखाली दोन पाने विवेचन जोडू नका. शिकवणाऱ्या माणसाला समजावून सांगायची सवय असते आणि पहिल्या संग्रहांत ही सवय फार दिसते. कवितेच्या शेवटच्या दोन ओळी आधीच्या दहा ओळींचा अर्थ सांगत असतील तर त्या काढून पाहा.

टिपणांचे पुस्तक करायचे तर ती पुन्हा लिहावी लागतील. वर्गात पडद्यावर दृश्य दिसत असते, तुम्ही बोट दाखवून बोलता. वाचकासमोर पडदा नसतो. जे बोटाने दाखवत होतात ते शब्दांत उभे करायचे, हे मोठे काम आहे आणि त्याला वर्ष लागू शकते. कवितासंग्रह तयार असेल तर तो या कामासाठी अडवून ठेवू नका.

कविता: पुस्तकाच्या आधी नियतकालिके

पुस्तक ही शेवटची पायरी आहे, असे आम्ही आग्रहाने सांगतो. ज्या कवीच्या वीस-पंचवीस कविता नियतकालिकांत आलेल्या असतात, त्याचे हस्तलिखित प्रकाशक वेगळ्या नजरेने वाचतो. संपादकाने परत पाठवलेल्या कवितांमधूनही आपला संग्रह कुठे सैल आहे ते कळते.

कोल्हापुरात जन्मलेल्या अरुण कोलटकरांचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवण्यासारखे आहे. १९५०च्या दशकापासून त्यांच्या कविता लघुनियतकालिकांत येत होत्या. मराठीतला त्यांचा पहिला संग्रह 'अरुण कोलटकरच्या कविता' १९७७ साली निघाला, तोही अशोक शहाणे यांच्या 'प्रास'सारख्या छोट्या प्रकाशनाकडून. तेव्हा ते पंचेचाळिशीच्या आसपास होते. त्याआधीच्या वर्षी आलेली इंग्रजी 'जेजुरी' मुंबईतल्या चार कवींनी मिळून चालवलेल्या 'क्लिअरिंग हाउस' या सहकारी प्रकाशनाने काढली होती आणि त्या चार कवींत ते स्वतः होते. मोठ्या प्रकाशकाचा शिक्का नाही आणि घाईही नाही. तुमचे वय चाळिशीपार गेले आहे म्हणून मिळेल त्या अटीवर पुस्तक काढायला निघाला असाल, तर हे जरूर आठवा.

कुठे पाठवाल?

- केवळ कवितेला वाहिलेली नियतकालिके. धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेले 'कवितारती' हे त्यांतले ठळक नाव.
- वाङ्मयीन नियतकालिके आणि साहित्य संस्थांची मुखपत्रे. 'अनुष्टुभ', 'मुक्त शब्द', विदर्भ साहित्य संघाचे 'युगवाणी', महाराष्ट्र साहित्य परिषदेची 'महाराष्ट्र साहित्य पत्रिका'. पाठवण्यापूर्वी किमान दोन अंक वाचा.
- दिवाळी अंक. १९०९ सालच्या 'मनोरंजन'पासूनची ही परंपरा आजही नव्या कवीला सर्वांत जास्त वाचक मिळवून देते. साहित्य उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला पाठवावे लागते. गणपतीनंतर पाठवलेली कविता सहसा पुढच्या वर्षावर जाते.
- सिनेमावरचे लेख असतील तर प्रभात चित्र मंडळाचे 'वास्तव रूपवाणी', साप्ताहिके आणि वृत्तपत्रांच्या रविवार पुरवण्या.

एका वेळी चार-पाच कविता पाठवा. सोबतचे पत्र पाच ओळींचे पुरे. कविता युनिकोडमध्ये टाइप केलेल्या असाव्यात, कारण जुन्या फॉण्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडताना जोडाक्षरे फुटतात. म्हणून सोबत पीडीएफही जोडा. तीच कविता एकाच वेळी दोन ठिकाणी देऊ नका. 'अप्रकाशित' अशी अट असेल तर फेसबुकवर टाकलेली कविता चालते का, ते आधी विचारा. संपादकांची मते यात सारखी नाहीत.

कोणती कविता कुठे, कोणत्या तारखेला पाठवली आणि काय उत्तर आले याची एक वही ठेवा. संग्रहातली ऋणनिर्देशाची यादी तिच्यातूनच तयार होते आणि पुढे वाद झाला तर तारखा उपयोगी पडतात.

संग्रह बांधताना

साठ ते ऐंशी कविता निवडा. १६ पानांचा एक फर्मा धरला तर ९६ पानांचे पुस्तक सहा फर्म्यांत बसते आणि पहिल्या संग्रहाला हा आकार योग्य आहे. दीडशे कवितांचे बाड पाहिले की प्रकाशक खर्चाचा विचार करू लागतो आणि वाचकही दमतो. निवड स्वतः एकट्याने करू नका. तुमच्यावर प्रेम नसलेल्या, पण कवितेवर असलेल्या माणसाकडून एकदा वाचून घ्या.

एका तांत्रिक गोष्टीकडे मात्र बारकाईने पाहा. मराठी कवितासंग्रह बहुधा डेमी आकारात छापतात, म्हणजे साधारण साडेपाच इंच बाय साडेआठ इंच. समास सोडून ओळीला चार इंचांच्या आसपास जागा उरते. तुमच्या वहीत किंवा मोबाइलवर एका दमात बसणारी लांब ओळ तिथे मोडते, शेवटचे दोन शब्द खाली घसरतात आणि वाचकाला ती नवी ओळ वाटते. ओळ कुठे तुटते याला कवितेत तेवढेच वजन आहे, जेवढे दृश्य कुठे कापले जाते याला सिनेमात असते. हे तुम्ही वर्गात रोज सांगता. म्हणून डीटीपी झालेली पाने छापील आकारातच कागदावर काढून मागा आणि प्रत्येक मोडलेल्या ओळीपाशी खूण करा. कविता पानाच्या शेवटी संपते की पुढच्या पानावर जाते, तेही तेव्हाच पाहा. मुद्रिते दोनदा वाचा, दुसऱ्यांदा मोठ्याने.

प्रकाशनाच्या वाटा

पहिली वाट प्रकाशकाने स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढण्याची. कवितेसाठी ती अरुंद आहे, बंद नाही. प्रकाशकाची गेल्या दोन-तीन वर्षांची यादी पाहा. ज्याने एकही कवितासंग्रह काढलेला नाही, त्याच्याकडे हस्तलिखित पाठवून सहा महिने वाया घालवू नका.

दुसरी वाट अनुदानाची. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना ज्यांचे एकही पुस्तक निघालेले नाही अशांसाठी आहे आणि तिच्यात कवितासंग्रह बसतो. मंडळ ठरावीक मुदतीत हस्तलिखिते मागवते. त्या वर्षीची जाहिरात, नमुना अर्ज आणि अटी मंडळाच्या संकेतस्थळावरूनच घ्या. इथे एक फसगत होते: घाईत स्वखर्चाने छोटी पुस्तिका काढली, तिला आयएसबीएन घेतला आणि मग अनुदानाला अर्ज केला, तर तुम्ही 'पहिले पुस्तक' या अटीतून बाहेर पडलेले असता. आधी अनुदानाचा विचार करा, बाकीचे नंतर.

तिसरी वाट स्वतः प्रकाशक होण्याची. यात कमीपणा नाही. छापखान्याकडून अंदाजपत्रक घेताना डीटीपी, मुद्रितशोधन, कागद, छपाई, बांधणी आणि मुखपृष्ठ यांचे दर वेगवेगळे लिहून मागा. दोनशेच्या आत प्रती हव्या असतील तर डिजिटल छपाई, पाचशेच्या पुढे ऑफसेट, असा साधा हिशेब धरा आणि दोन ठिकाणचे दर घ्या. आयएसबीएन केंद्र सरकारच्या राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून मिळतो. लेखक स्वतःच प्रकाशक असला तरी मिळतो आणि त्याला शुल्क नाही. त्यासाठी कोणी हजारो रुपये मागत असेल तर देऊ नका.

चौथी वाट आहे ती स्वतः पैसे देऊन प्रकाशकाच्या नावाने पुस्तक काढण्याची, आणि तुमची सर्वाधिक पत्रे तिच्याबद्दल असतात. 'सहकार्य रक्कम', 'लेखक सहभाग', 'दोनशे प्रती लेखकाने विकत घ्याव्यात' अशी तिची नावे आहेत. प्रत्येक वेळी ही फसवणूकच असते असे नाही. कवितेची विक्री कमी, हे खरे आहे आणि काही प्रकाशक ते प्रामाणिकपणे सांगतात. पण खर्च तुमचा असेल तर पुढील प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका:

- एकूण किती प्रती छापणार आणि छापखान्याच्या बिलाची प्रत मिळणार का?
- छापलेल्या प्रतींची मालकी कोणाची? उरलेला साठा कोणाकडे राहणार?
- संपादन आणि मुद्रितशोधन कोण करणार?
- पुस्तक कोणत्या विक्रेत्यांकडे, कोणत्या प्रदर्शनांत जाणार?
- शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी आणि राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या खरेदीसाठी पुस्तक पाठवणार का?
- विक्रीच्या रकमेतला किती वाटा तुम्हाला मिळणार? जोखीम तुमची असताना दहा टक्के हा वाटा अन्यायाचा आहे.

शिक्षकांना एक खास इशारा द्यावासा वाटतो. बढतीचे प्रस्ताव भरायचे दिवस आले की 'महिन्याभरात आयएसबीएनसह पुस्तक' अशा जाहिराती फिरू लागतात. आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक आहे. त्याने पुस्तकाचा दर्जा ठरत नाही. गुणांसाठी घाईने काढलेला संग्रह पुढे तुमच्या नावावर कायमचा राहतो आणि अनुदानाची संधी जाते ती वेगळीच.

करारपत्र: सही करण्यापूर्वी

नवा कवी इथेच सर्वांत जास्त गमावतो, म्हणून थोडे थांबून पाहू.

बहुतेकांच्या हातात येतो तो एक कागद असतो, वर 'संमतिपत्र' असे लिहिलेला. तुमचे नाव, पुस्तकाचे नाव, पाच-सहा वाक्ये आणि खाली सहीची जागा. त्यात मध्येच एक वाक्य असते: या पुस्तकाचे सर्व हक्क, सर्व स्वरूपांत, कायमस्वरूपी प्रकाशकाकडे राहतील. आनंदाच्या भरात ते वाचले जात नाही. या एका वाक्याने ई-पुस्तक, श्राव्य पुस्तक, अनुवाद, गायन, चित्रपटातला वापर आणि पाठ्यपुस्तकातला समावेश हे सगळे तुमच्या हातून जाऊ शकते.

त्याच्या जागी असे वाक्य घालायला सांगा: या संग्रहाच्या मराठी छापील आवृत्तीच्या प्रकाशनाचा हक्क, पाच वर्षांसाठी, भारतापुरता. चांगल्या प्रकाशकाला यात काही खटकत नाही. खटकलेच तर बोलणी करा. मुदत सात वर्षे झाली तरी चालेल, पण मुदत हवी.

कायदा तुमच्या बाजूने किती आहे ते माहीत असू द्या. स्वामित्वहक्क कायदा, १९५७ नुसार:

- हक्क लिहिण्याबरोबर निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. केली तर पुरावा म्हणून उपयोग होतो. स्वतःलाच पाकिटातून कविता पाठवून पाकीट बंद ठेवण्याच्या युक्तीवर विसंबू नका.
- हक्क लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या पुढील वर्षापासून ६० वर्षे टिकतो.
- हक्क हस्तांतर लेखीच लागते, त्यावर तुमची सही लागते आणि कोणती कृती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात व मोबदला किती हे त्यात असावे लागते.
- मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत.
- दिलेला हक्क प्रकाशकाने एका वर्षात वापरला नाही, तर करारात वेगळे काही नसल्यास तो संपतो. हस्तलिखित घेऊन दोन-दोन वर्षे बसणाऱ्यांच्या बाबतीत हे कलम आठवा.
- हक्क विकला तरी कवी म्हणून तुमचे नाव राहण्याचा आणि कवितेची मोडतोड होऊन तुमच्या लौकिकाला धक्का बसल्यास हरकत घेण्याचा अधिकार तुमच्याकडे राहतो.

मासिकात स्वतंत्रपणे पाठवलेल्या कवितेचा हक्कही, वेगळे लिहून दिले नसेल तर, तुमचाच. संग्रहात ती घेताना आधीच्या प्रसिद्धीचा उल्लेख करा, एवढे सौजन्य पुरे.

करारात आणखी तीन गोष्टी लिहून घ्या: पहिल्या आवृत्तीच्या प्रतींची संख्या, वर्षातून एकदा विक्रीचा हिशेब, आणि आवृत्ती संपून ठरावीक काळात नवी न निघाल्यास हक्क आपोआप तुमच्याकडे परत. मानधनाची कल्पना असावी म्हणून साधे गणित: १५० रुपये किंमत, ५०० प्रती, दहा टक्के मानधन, सगळ्या प्रती विकल्या तर ७,५०० रुपये. मात्र टक्के छापील किमतीवर की विक्रेत्याची सूट वजा करून उरलेल्या रकमेवर, ते स्पष्ट लिहा. विक्रेत्यांची सूट मोठी असते, त्यामुळे या एका शब्दाने रक्कम बरीच खाली येते.

कवितेचे गाणे होणार असेल तर

कोल्हापुरात ही शक्यता इतर शहरांपेक्षा जास्त. ओळखीतला निर्माता किंवा संगीतकार कविता मागतो आणि तुम्ही हौसेने देता. द्या, पण संपूर्ण कवितेचा हक्क देऊ नका. त्या विशिष्ट चित्रपटात किंवा ध्वनिमुद्रणात वापरण्याचा लेखी परवाना द्या आणि संग्रहात छापण्याचा हक्क तुमच्याकडे राहील असे त्यात नमूद करा. शब्द बदलायचे असतील तर तुम्हाला विचारून, हेही लिहा.

२०१२ सालच्या दुरुस्तीने गीतकारांना मोठा आधार दिला. चित्रपटगृहातल्या प्रदर्शनाव्यतिरिक्त गाण्याचा जो वापर होईल, त्याच्या मानधनातला समान वाटा गीतकार सोडून देतो असे करारात लिहून घेतले तरी ते टिकत नाही. हे मानधन गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासदत्व गीतकाराला घेता येते. एक-दोन गाणी व्यावसायिकरीत्या आली की त्याची चौकशी करा.

सिनेमावरच्या पुस्तकाची वेगळी काळजी

समीक्षेसाठी संवादाचा किंवा गीताचा छोटा अंश उद्धृत करणे कायद्याच्या 'उचित वापरा'त बसते. अख्खे गीत छापणे बसत नाही. इथे एक चूक फार होते. जुना चित्रपट आहे, हक्क संपला, म्हणजे त्यातले सारे मोकळे, असा समज असतो. चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतर ६० वर्षांनी संपतो, त्यामुळे 'प्रभात'चा १९३६ सालचा 'संत तुकाराम' मोकळा आहे. पण त्यासाठी शांताराम आठवल्यांनी रचलेला अभंग ही त्यांची स्वतंत्र रचना आहे. ती तुकोबांची समजणारे आजही भेटतात. आठवले १९७५ साली गेले, म्हणजे तिची मुदत २०३५ अखेरपर्यंत. ग. दि. माडगूळकर १९७७ साली गेले. त्यांच्या गीतांची मुदत २०३७ अखेरपर्यंत. खेबुडकर २०११ साली गेले, त्यांच्या बाबतीत २०७१. वर्गात ही गाणी ऐकवणे आणि पुस्तकात छापणे यांत फरक आहे.

छायाचित्रांसाठी निर्माता किंवा त्याचे वारस यांची लेखी परवानगी घ्या. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे जुनी छायाचित्रे आणि पुस्तिका पाहायला मिळतात, पण प्रत मिळाली म्हणजे छापण्याची परवानगी मिळाली असे नाही. परवानगी वेगळी मागा आणि छायाचित्राखाली स्रोत द्या.

आमची मनापासूनची सूचना अशी की जागतिक सिनेमाचा आढावा घेणारे पुस्तक लिहिण्याआधी भोवतालाकडे पाहा. असे आढावे मराठीत आहेत. जयप्रभा स्टुडिओत काम केलेल्या तंत्रज्ञांच्या घरी काय आठवणी आहेत, पडदे रंगवणाऱ्यांनी, पोस्टर करणाऱ्यांनी, रंगभूषाकारांनी काय शिकवून ठेवले आहे, हे कोल्हापुरात राहणारा शिक्षकच गोळा करू शकतो आणि त्याला फार वेळ उरलेला नाही. मुलाखत घेताना ध्वनिमुद्रण करा, प्रसिद्धीची संमती सहीसह घ्या, आणि जुने फोटो घरी घेऊन जाण्यापेक्षा तिथेच मोबाइलने त्यांची प्रत करून ते परत ठेवा. अशा पुस्तकासाठी प्रकाशक कवितेपेक्षा लवकर मिळतो. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सिनेमावरच्या पुस्तकासाठी स्वतंत्र पुरस्कार आहे, आणि अरुण खोपकर यांच्या 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' या मराठी पुस्तकाला तो मिळालेला आहे.

तुम्ही नोकरीत असाल तर

कविता तुमची खासगी निर्मिती आहे. पण महाविद्यालयाने किंवा विद्यापीठाने सांगून लिहून घेतलेले अभ्याससाहित्य वेगळे. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, मालक संस्थेकडे जातो. दूरशिक्षणाच्या पुस्तकासाठी मानधन घेऊन धडा लिहून दिला असेल, तर तोच धडा स्वतःच्या पुस्तकात टाकण्याआधी तेव्हाचा कागद काढून वाचा. पुस्तक निघण्यापूर्वी संस्थेला एक लेखी पत्र देऊन ठेवा. विद्यार्थ्यांच्या निबंधांतली निरीक्षणे वापरली असतील तर त्यांची नावे द्या.

आपल्याच विद्यार्थ्यांना आपले पुस्तक घ्यायला लावू नका. ग्रंथालयात दोन प्रती ठेवा, ज्याला हवे तो वाचेल.

पुस्तक आल्यानंतर

प्रकाशन समारंभ शाहू स्मारकात करा नाहीतर महाविद्यालयाच्या सभागृहात, पण छपाईपेक्षा समारंभाला जास्त खर्च होऊ देऊ नका. त्या पैशात तीस-चाळीस प्रती समीक्षकांना, नियतकालिकांना आणि तालुक्याच्या ग्रंथालयांना टपालाने जातात. त्यांचा उपयोग अधिक काळ होतो.

- प्रकाशकाने, किंवा स्वतः प्रकाशक असाल तर तुम्ही, कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयासह कायद्याने ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना ३० दिवसांत प्रत पाठवायची असते. १९५४ सालच्या कायद्याने ते बंधनकारक आहे.
- राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशित कवितासंग्रहासाठी बहिणाबाई चौधरी पुरस्कार आहे. त्या वर्षीची पुस्तके त्या वर्षीच्याच फेरीत येतात, तेव्हा मुदत चुकवू नका.
- नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाच्या कुसुमाग्रज अध्यासनाचा विशाखा काव्य पुरस्कार नव्या कवीच्या पहिल्या संग्रहासाठी आहे.
- कोल्हापुरातच दक्षिण महाराष्ट्र साहित्य सभेचे वार्षिक पुरस्कार आहेत. १८५० पासून चालत आलेल्या करवीर नगर वाचन मंदिरात संग्रहाची प्रत जरूर द्या.
- प्रवेश शुल्क घेऊन पुरस्कार 'देणाऱ्या' अनोळखी संस्थांपासून लांब राहा. सन्मानचिन्हाचे पैसे कवीकडून घेणारा पुरस्कार स्वीकारू नका.

तक्रारीची वेळ आली तर

हिशेब आला नाही, तर आधी फोन करा, मग ईमेल, मग पोच मिळेल अशा स्पीड पोस्टाने पत्र. भाषा साधी ठेवा: कराराची तारीख, कोणते कलम, काय मिळाले नाही, किती दिवसांत हवे. पुष्कळ प्रकरणे या पत्रावरच मिटतात.

न मिटल्यास दोन परिस्थिती वेगळ्या ओळखा. कोणी तुमची कविता परवानगीविना छापली, गायली किंवा स्वतःच्या नावावर खपवली, तर तो हक्कभंग आहे. त्यासाठी तुम्ही जिथे राहता वा काम करता तिथल्या जिल्हा न्यायालयात दावा लावण्याची सोय कायद्याच्या कलम ६२ मध्ये आहे. चोरी करणारा मुंबईत असला तरी कोल्हापूरच्या कवीला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. मानधन थकवणे ही मात्र कराराची बाब, आणि तिथे करारातली न्यायक्षेत्राची ओळ पाहिली जाते. ती बहुधा शेवटून दुसरी असते आणि तिथे प्रकाशकाचे शहर आधीच छापलेले असते. सही करण्यापूर्वी ते खोडून 'कोल्हापूर' लिहायला सांगा, आणि खोडल्या जागी दोघांच्या आद्याक्षरांच्या सह्या घ्या.